काळकाईची पांढरी ठुशी

१

काळकाईची ठुशी पांढरी झाल्याचे सर्वांत आधी रावजी गुरवाच्या लक्षात आले, आणि लक्षात येताच त्याने डोळे मिटून घेतले.

सन एकोणीसशे चोपन्नचा वैशाख होता. बाळाजी पोतदार सोनारांची लेक राही लग्नानंतर प्रथमच माहेरी आली होती. मांडवपरतणीसाठी मुंबईहून आगबोटीने आलेली सासरची मंडळी देवळाच्या सभामंडपात बसली होती. आमच्या कुडबंदरात अशी रीत आहे की गावातल्या कोणत्याही लेकीला हळद लागली की देवीच्या गळ्यातली ठुशी तिच्या गळ्यात चढते. घर कुणब्याचे असो, सोनाराचे असो वा ब्राह्मणाचे, त्यात भेद नाही. ती ठुशी लेवून लेक सासरी जाते, मांडवपरतणीला परत येते, गुरव तिच्या गळ्यातून ती उतरवतो आणि लेक स्वतःच्या हाताने पुन्हा देवीला घालते. खोताची मुलगी आणि खोताकडे भांडी घासणारीची मुलगी आमच्याकडे एकाच सोन्याने सासरी गेल्या आहेत. आजूबाजूच्या गावांत मोठमोठी देवळे आहेत, पण ही रीत केवळ आमची. तिचा आम्हांला फार अभिमान.

सोने दिले ते सरखोतांनी. नजमुद्दीन सरखोतांच्या पणजोबांचे गलबत वादळातून वाचले, तेव्हा खाडीच्या तोंडावरून दिसणाऱ्या या देवळाकडे पाहून त्यांनी जे मनात आणले होते ते पुरे केले. घडवले ते पोतदारांच्या पूर्वजाने. म्हणून देवळाच्या पंचांत सरखोतांना आसन, आणि ठुशी उजळून तिला नवा दोरा ओवण्याचा मान पोतदारांच्या घराला. दर पालखीला त्यासाठी मानाचा नारळ.

रावजीने फासा सोडला, ठुशी त्याच्या तळहातावर पालथी पडली, आणि तो तसाच उभा राहिला. वरच्या अंगाने मणी हळदीसारखे पिवळे होते. आतल्या अंगाने, जिथे ते गळ्याला टेकतात तिथे, पापलेटाच्या पोटासारखे पांढरे.

"काय झालं रे रावजी?" नजमुद्दीनभाईंनी विचारले.

"देवीला इचारा," रावजी म्हणाला. "माझ्या हातात आली तवा अशीच हाय. म्या न्हाय काय केलं."

राहीच्या नवऱ्याची आत्या केसरबाई पुढे झाली. गिरगावात राहणारी, गोरीपान, बोलायला तरतरीत बाई. तिने ठुशी उलटसुलट करून पाहिली आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, "हे सोनं नव्हे. रुप्यावर मुलामा दिलाय. अंगाला घासून मुलामा गेला, आतलं खरं दिसलं. लग्नाआधी ठुशी कुणाकडे होती?"

उत्तर सर्वांना ठाऊक होते. सर्वांच्या नजरा बाळाजींकडे वळल्या.

बाळाजी पोतदार हा पंचक्रोशीत ज्याच्या शब्दावर सोने ठेवावे असा माणूस. त्यांनी ठुशी हातात घेतली, पांढऱ्या अंगावरून अंगठा एकदाच फिरवला, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ठुशी त्यांनी देवीसमोरच्या ताम्हनात ठेवली.

"कसोटी लाव, बाळाजी," नजमुद्दीनभाई म्हणाले. "आमच्या पणजोबाचं सोनं हाय ते. पांढरं व्हईलच कसं?"

"माझ्या कसोटीवर आता भरवसा कोण ठेवील?" बाळाजी म्हणाले. "मला काही सांगायचं नाही, भाई. पंच म्हणतील ते मान्य."

पंचांनी ठरवले: सायंकाळच्या आरतीपर्यंत उलगडा झाला तर ठीक. न झाला, तर पोतदारांचा मान काढून बोर्लीच्या सोनाराला द्यावा आणि पोलीस पाटलाला कळवावे. कुडबंदरात अशी वेळ आजवर कधी आली नव्हती. मग नजमुद्दीनभाई उठले, चपला पायांत सरकवल्या आणि वैद्य नीळकंठशास्त्र्यांच्या घराकडे चालू लागले.

२

नीळकंठशास्त्री त्या वेळी सत्तरीला आले होते. वाराणसीस काव्य आणि व्याकरण, पुढे गुरुगृही वैद्यक आणि रसशास्त्र, असे त्यांचे अध्ययन झाले होते. त्यांची एक सवय अशी की रोग्याने रोग सांगितला की ते दुसरेच काहीतरी विचारीत. पोट दुखते म्हणणाऱ्यास ते विचारीत, "घरी नवं भांडं कोणतं आणलंस?" लोक हसत, पण बरे होऊन जात.

देवळात येऊन त्यांनी ठुशी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली.

"आत्याबाईंचं म्हणणं ऐकलं मी," ते म्हणाले. "रावजी, देवीचा गोटा आण."

देवीच्या पेटीत ठुशीच्या नेमक्या वजनाचा गुळगुळीत गोटा जपून ठेवलेला असे. पणजोबा सरखोतांनीच तो घासून घडवून ठेवला होता, म्हणजे पुढच्या पिढ्यांना कुणाच्या शब्दावर विसंबावे लागू नये. शास्त्र्यांनी आपला औषधे जोखण्याचा काटा काढला. एका पारड्यात ठुशी, दुसऱ्यात गोटा. काटा सरळ उभा राहिला.

"वजन काय, शिसं भरूनही जमतं," केसरबाई म्हणाली. बोलताना तिने ओठांच्या कोपऱ्यावर रुमाल टेकवला. ही तिची खोड दिसत होती. "मुंबईला मी हेच अनुभवलंय. माझ्या पाटल्या. चांगल्या पेढीवरून घेतलेल्या. वर्षाच्या आत आतून पांढऱ्या पडल्या. पेढीवाला म्हणतो, बाई, आमचं सोनं चोख आहे, तुमच्याच अंगात काहीतरी असेल. माझ्या अंगात म्हणे! मी त्या काढूनच ठेवल्या. सोनार इथूनतिथून सगळे सारखे."

"पाटल्या," शास्त्री म्हणाले. "हं."

त्यांनी बाळाजींना देवळामागच्या चाफ्याखाली नेले. बाळाजी हात बांधून उभे राहिले, जणू न्यायालयात आहेत.

"रुपं नाही हे तुम्हांला माहीत आहे," शास्त्री म्हणाले. "रुप्याचे मणी याच आकाराचे असते तर वजन निम्म्याच्या आसपास भरलं असतं. शिसं जड खरं, पण सोन्याच्या जवळही येत नाही. हे तुम्ही झोपेतही सांगाल. मग सांगितलं का नाही?"

बाळाजींनी मान फिरवली.

"सोनं गेलेलं नाही. सोन्यावर दुसरं काही चढलंय. आणि सोन्याला नुसत्या स्पर्शानं पांढरं करणारी वस्तू जगात एकच आहे. तुम्ही ती रोज वापरता, मी ती खलात घोटतो."

"शास्त्रीबुवा," बाळाजी हलक्या आवाजात म्हणाले, "तो शब्द या गावात आज उच्चारू नका. मान जातो आहे तर जाऊ द्या. पायां पडतो मी."

आणि ज्या माणसाला गावाने कधी कुणापुढे वाकलेले पाहिले नव्हते, तो खरोखरच वाकला.

३

शास्त्र्यांनी त्यांना खांद्याला धरून उठवले आणि पुढे काही विचारले नाही. पारा आहे, हे निश्चित झाले होते. तो कुठून आला आणि सत्यवचनी माणूस तो का लपवतो, एवढेच प्रश्न उरले होते.

ते रावजीकडे गेले. रावजी देवीचे दिवे पुसत होता.

"ठुशी गळ्यातून काढताना काही लागलं का हाताला? ओलं, चिकट?"

"ओलं न्हाय," रावजी म्हणाला. "पन पोरीचा गळा तुपावानी गुळगुळीत. वास बी येत व्हता, बामणीण बायांच्या पावडरीचा येतो तसा. म्या म्हनलं, मुंबईची हवा लागली." मग थोडे थांबून तो म्हणाला, "बुवा, ह्यो देवीचा कोप तर न्हाय?"

"देवी कोपली तर लपून कोपणार नाही, रावजी. आतल्या अंगानं तर नाहीच नाही."

पोतदारांच्या ओटीवर सासरच्या मंडळींसाठी सोलकढी आली होती. राही वाट्या भरत होती. लहानपणी शास्त्र्यांच्या अंगणात बकुळीची फुले वेचणारी ही मुलगी काळीसावळी होती, टपोऱ्या डोळ्यांची. आता तिचा चेहरा एका विचित्र गोऱ्या रंगाचा झाला होता. हात मात्र कोपरापासून जुन्याच रंगाचे. वैशाखाच्या उकाड्यात तिने पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला होता. वाटीत सोलकढी ओतताना ती किंचित सांडली.

"तू नाही घेत?" शास्त्र्यांनी विचारले.

"नको बुवा. आंबट झोंबतं. हिरड्या सुजल्यात जरा."

"आणि वेणी कुणी केली ही? तुझ्या हातची नाही. तुझ्या वेणीत फुलाला फूल चिकटून असतं."

राही हसली. "हल्ली सुईत दोरा जात नाही हो. हात हलतो."

"नवी नवरी आहे, घाबरते," केसरबाई म्हणाली. "पण रूप कसं उजळलंय पाहिलंत ना? पाहायला आलो तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं: मुलगी गुणाची, नाकीडोळी नीटस, पण रंग पाहून आमची चाळ नाक मुरडील. आता म्हणावं, मुरडा."

"उजळलंय खरं," शास्त्री म्हणाले. "आत्याबाई, तुमच्या डोळ्यांखाली ही करडी छटा कधीपासून?"

"वय झालं."

"पाय सुजतात?"

केसरबाईने रुमाल ओठांना लावला. "तुम्ही ठुशीची चौकशी करताय की माझी?"

"दोन्ही एकच निघेल असं वाटतं," शास्त्री म्हणाले, आणि काठी टेकीत आत बाळाजींच्या कामाच्या खोलीत गेले.

४

खोली झाडूनपुसून ठेवलेली होती. ऐरण, फुंकणी, सांडशी, आणि भिंतीत एक फडताळ. फडताळाच्या वरच्या फळीवर जाड काचेची लहानशी बाटली होती. तिच्यात पारा चमकत होता.

बाळाजी दारात येऊन उभे राहिले.

"बसा," शास्त्री म्हणाले. "तुम्ही बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. चुकलो तर थांबवा. मुलामा देण्यासाठी तुम्ही पारा ठेवता. गावात तो दुसऱ्या कुणाकडे नाही. माझ्याकडे आहे तो गंधकात घोटलेला, काळी कज्जली झालेला. तेव्हा तुमच्या मनात आलं की तो इथूनच गेला."

बाळाजी ऐरणीपाशी बसले.

"राहीची आई गेल्यापासून या खोलीत माझ्याशिवाय तीच येते," ते म्हणाले. "पाऱ्याच्या फळीला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम होता. लग्नाआधी घर झाडताना तिनं फडताळ हलवलं. मी पाहिलं, बाटलीचं बूच सैल झालं होतं. आणि त्याच दिवशी ठुशीला दोरा तिनं ओवला. हट्ट धरला होता, माझ्या लग्नात मी ओवणार म्हणून. मी हौसेनं ओवू दिलं."

"म्हणून देवळात पांढरं अंग पाहिलंत आणि समजलात."

"मी पारा म्हटलं, तर पुढचं वाक्य लोक पुरं करतील. पोरीनं देवीचं सोनं बाटवलं. त्या आत्याबाईला तेवढं पुरे आहे, राही इथंच राहील कायमची. आणि मी चोर ठरलो तर? मान जाईल. माझ्यामागं तो चालवायला मुलगा तरी कुठे आहे?" त्यांचा आवाज स्थिर होता. "घराण्याचा मान मोठा, शास्त्रीबुवा. पण तो मी कुणासाठी राखायचा?"

नीळकंठशास्त्र्यांनी सोबत आणलेली ठुशी ऐरणीवर पालथी ठेवली.

"आता सोनार म्हणून पाहा, बाप म्हणून नको. ओवणाऱ्याच्या बोटांना पारा असता तर कुठे लागला असता?"

बाळाजी वाकले. प्रथमच त्यांनी ती ठुशी कारागिराच्या डोळ्यांनी पाहिली. "सगळीकडून," ते सावकाश म्हणाले. "बोटं मण्याला चारी बाजूंनी धरतात. दोऱ्याच्या भोकाशीही गेला असता. थेंब ओघळला असता, वरच्या अंगाला डाग पडले असते."

"आणि आहे कुठे?"

"जिथे कातडीला टेकतं तिथेच. हनुवटीखाली दाट. मानेमागे जवळजवळ नाहीच."

"राहीला हाक मारा."

राही आली, तशीच पदर आवळून.

"बाळ," शास्त्री म्हणाले, "तुझं मंगळसूत्र दाखव."

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आले. तिने बापाकडे पाहिले, मग पदर सैल केला. गळ्यालगतच्या काळ्या पोतीत दोन वाट्या होत्या. समोरून सोनेरी. शास्त्र्यांनी काठीच्या टोकाने एक वाटी हळूच उलटली. मागून ती पांढरी होती.

"कुणाला सांगू नका," राही म्हणाली. "आत्याबाई म्हणतील अपशकुनी आहे. म्हणून मी पदराआड ठेवते."

"हे कुणी घडवलं?"

"सासरच्यांनी. मुंबईला. मांडवातच पाहिलं मी पहिल्यांदा."

बाळाजी ताडकन उठले. मुंबईत घडलेले, मांडवात गळ्यात पडलेले आणि सासरी गेलेले सोने त्यांच्या फडताळाजवळून कधी गेलेच नव्हते. तरी ते पांढरे होते.

"म्हणजे माझी बाटली नव्हे," ते म्हणाले.

"तुमची बाटली नव्हे, हिची बोटंही नव्हेत," शास्त्री म्हणाले. "पारा हिच्या गळ्यावर आहे, बाळाजी. रोज नव्यानं चढतो आहे. राही, तोंडाला आणि गळ्याला तू काय लावतेस?"

५

आरतीच्या आधी सभामंडप भरला. समोर ताम्हन, त्यात ठुशी; शेजारी शास्त्र्यांच्या पूजेतल्या तांब्याच्या दोन पळ्या, कोकमाचे आगळ, आणि गुलाबी झाकणाची एक काचेची डबी. तिच्यावर चंद्राचे चित्र होते आणि वर लिहिले होते: केशर-चंदनयुक्त.

"ही डबी राहीच्या पेटीतून आली," शास्त्री म्हणाले. "साखरपुड्याच्या दिवशी तिला कुणी दिली?"

"मी दिली," केसरबाई म्हणाली. "चोरून नाही दिली. मीही तीच लावते. दारावर विकायला येतात. तिचा आणि ठुशीचा काय संबंध?"

"केशर असलेला लेप पिवळसर दिसेल. हा चुन्यासारखा शुभ्र आहे. चंदनाचा वास मी ओळखतो; इथे नुसतं अत्तर आहे. तेव्हा डबीवर जे लिहिलंय ते आत नाही. मग आत काय आहे? रावजी, ही पळी घे आणि नुसतं आगळ लावून घास."

रावजीने घासली. तांबे लख्ख लाल झाले, जसे व्हायला हवे तसे. दुसऱ्या पळीवर शास्त्र्यांनी काडीने डबीतला लेप ठेवला, वर आगळाचा थेंब टाकला, आणि कापडाने स्वतः घासू लागले. मंडपात नुसता कापडाचा आवाज येत होता.

मग त्यांनी पळी पुसून उचलून धरली. घासलेली जागा चांदीसारखी चमकत होती.

"या अल्ला," नजमुद्दीनभाई म्हणाले. "तांब्याचं रुपं झालं."

"रुपं नाही झालं, भाई. तांब्यावर पारा चढला, तसाच तो ठुशीवर चढला, मंगळसूत्रावर चढला. आणि आत्याबाई, तुमच्या पाटल्यांवरही. लेप लावल्यावर हात न धुता तुम्ही त्या घालत होतात. पेढीवाल्यानं तुम्हांला फसवलं नव्हतं. तुमच्या अंगात काहीतरी असेल म्हणाला, त्यात खरं होतं. अंगात नव्हे, अंगावर."

केसरबाईने आपल्या मोकळ्या मनगटांकडे पाहिले.

"आमच्या शास्त्रात पारा आहे," शास्त्री पुढे म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात आपल्या विद्येचा गर्व दिसला तर तो रास्तच होता. "पण तो शुद्ध केल्यावाचून कुणाला द्यायचा नाही, वैद्याच्या देखरेखीवाचून द्यायचा नाही, आणि चेहरा गोरा करायला तर मुळीच नाही. कातडीला रंग देणारं जे काम आत चालतं ते पारा थांबवतो. म्हणून पहिले काही महिने माणूस उजळल्यासारखं दिसतं. पण तो कातडीतून आत जातो. हिरड्या सुजतात, तोंडाला पाणी सुटतं, हात कापतात, मूत्रपिंड बिघडलं की पाय सुजतात. आणि शेवटी ज्या रंगासाठी हे सगळं केलं तोच जातो. चेहरा करडा पडतो, डोळ्यांखाली आधी. आत्याबाई, तुम्ही ओठांना रुमाल लावता, तुमच्या डोळ्यांखाली करडी छाया आहे. राहीला आंबट झोंबतं, सुईत दोरा जात नाही. ठुशीनं आज तुम्हा दोघींना वाचवलं. सोन्यानं बोलून दाखवलं नसतं तर कातडीनं दाखवलं असतं, आणि तेव्हा उशीर झाला असता."

"मी चांगल्यासाठीच दिली हो," केसरबाई म्हणाली. तरतरी तिच्या आवाजातून गेली होती. "मलाही आधी रंग नव्हता. पाहायला आलेले दोनदा परत गेले. या पोरीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून…" तिने पदराने चेहरा पुसला, जणू काही पुसून जाईल. "बाळाजीराव, मी तुम्हांला भर देवळात चोर म्हटलं."

"चोर म्हणाला नाहीत," बाळाजी म्हणाले. "मुलामा म्हणालात. सोनाराला ते जास्त लागतं."

त्यावर मंडपात पहिल्यांदा कुणीतरी हसले.

"लेप दोघींनी आजपासून बंद करायचा," शास्त्री म्हणाले. "डबी आणि ही पळी मी खोल पुरतो, विहिरीपासून लांब. औषध मी देईन, पण माझ्या औषधावर थांबू नका. मुंबईला गेल्यावर मोठ्या इस्पितळात दोघींची लघवी तपासून घ्या; ते यंत्र माझ्याकडे नाही. आणि शेजारणींना सांगा. दारावर येतो तो पुन्हा येईल."

मागे बसलेला जावई मनोहर उभा राहिला. दिवसभरात त्याने तोंड उघडले नव्हते.

"मला ही सावळीच आवडली होती," तो म्हणाला. "पाहायला आलो तेव्हाच. मी तसं बोललो नाही, एवढंच."

"बोलायला काय झालं होतं?" राही म्हणाली.

या वेळी सगळा मंडप हसला, आणि रावजीने आरतीची घंटा वाजवली.

६

राहिले होते ते काम बाळाजींचे. पारा सोन्यावरून उतरवायचा तर सोने तापवावे लागते, आणि तापलेल्या पाऱ्याची वाफ ही लेपापेक्षाही वाईट. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत होता त्या वेळी, बाळाजींनी बंदराच्या टोकावरच्या खडकावर शेगडी मांडली. गावातली माणसे वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब उभी राहिली. शास्त्र्यांनी बाळाजींच्या नाकातोंडावर ओले फडके बांधले आणि त्यांना लांब दांड्याच्या सांडशीवाचून हात लावू दिला नाही.

दोरा काढलेले मणी मुशीत होते, राहीच्या वाट्याही. वाफ दिसली नाही; ती दिसत नाहीच. दिसले ते एवढेच की मुशीतला पांढरेपणा हळूहळू निस्तेज झाला, मग मळका झाला, आणि मग आतून, जसा उगवतीला समुद्र तांबूस होतो तसा, पिवळा रंग वर आला. मूस थंड झाल्यावर बाळाजींनी मणी रिठ्याच्या पाण्यात धुतले आणि अकीकाच्या दगडाने एकेक घासून उजळला. मग दोरा आणि मणी राहीपुढे ठेवले.

"माझा हात हलतो, बाबा."

"हलू दे. तूच ओव. मी धरतो."

दोघांनी मिळून ठुशी ओवली. गोट्याशी जोखली, काटा पुन्हा सरळ उभा राहिला. देवळात रावजीने काळकाईला तेल लावून ठेवले होते. कातळाचा तो काळा, तुकतुकीत गळा, आणि राहीने त्याभोवती ठुशीचा फासा अडकवला. केसरबाई खांबाला टेकून पाहत होती.

"काळ्यावर किती शोभतंय," ती म्हणाली. बोलल्यावर आपण काय बोललो ते तिचे तिलाच कळले असावे, कारण तिने लगेच राहीकडे पाहिले.

नजमुद्दीनभाईंनी मानाचा नारळ पुढे केला. "घे बाळाजी. पालखीची वाट नको बघू. आमच्या पणजोबालाही आज बरं वाटत असल."

बाळाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि वळून राहीच्या ओटीत घातला.

"चुकतंय, बाळाजी," रावजी म्हणाला. "मान सोनाराच्या घराचा हाय."

"म्हणून तर," बाळाजी राहीकडे पाहत म्हणाले. "माझ्या घराचं नाव हेच."

त्या वर्षी नवरात्रात आगबोट पुन्हा आली. नीळकंठशास्त्री आणि रावजी धक्क्यावर उभे होते. होडीतून आधी केसरबाई उतरली, हातांत पाटल्या, पुन्हा पिवळ्याधमक. तिच्यामागून एक तरुणी उतरली, काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची. तिचे मंगळसूत्र पदराआड नव्हते. ते उघड्या गळ्यावर रुळत होते आणि दुपारच्या उन्हात लांबूनही दिसत होते.

"बुवा, वळखलंत का?" रावजीने विचारले.

"जन्मापासून ओळखतो," शास्त्री म्हणाले. "मधे काही महिने ओळखू येत नव्हती, एवढंच."